केबलची जोडी जुळवताना: वेगवान डिफरन्शियल सिग्नलच्या अचूक चाचणीसाठी पायरीपायरीने

जेमतेम दीड मिलिमीटरच्या फरकापायी आम्ही तीन दिवस एका निर्दोष बोर्डाला दोष देत होतो.

बोर्ड नवा होता आणि वेग पीसीआय एक्सप्रेसच्या पाचव्या पिढीचा, म्हणजे सेकंदाला ३२ गिगाट्रान्सफर. डिफरन्शियल सिग्नलच्या पी आणि एन या दोन बाजू (एकमेकींच्या उलट चढणाऱ्या-उतरणाऱ्या) दोन केबलमधून स्कोपवर, म्हणजे ऑसिलोस्कोपवर, घेतल्या तर आय डायग्राम (सगळे बिट एकावर एक रचून दिसणारं डोळ्यासारखं चित्र) अरुंद दिसायचा. दोन्ही चॅनेलची बेरीज खरं तर सपाट दिसायला हवी, पण ती प्रत्येक एजला, म्हणजे सिग्नल चढताना-उतरताना, उसळी मारायची. लेआउट करणाऱ्यांनी ट्रेसची लांबी पुन्हा तपासली, व्हाया (बोर्डाचे थर जोडणारी छिद्रं) मोजले, स्टॅकअप (थरांची रचना) काढून बसले. चौथ्या दिवशी सकाळी एका सहकाऱ्याने फक्त दोन केबलची अदलाबदल केली. तोवर पी उशिरा येत होता, तो आता लवकर यायला लागला. दोष बोर्डात असता तर केबल बदलल्याने त्याने बाजू बदलली नसती.

दोन्ही केबल एक मीटरच्या होत्या, एकाच रंगाच्या, एकसारखी लेबलं असलेल्या. एक आदल्या वर्षी घेतलेली, एक त्याच महिन्यात आलेली. लांबी दिसते, पण सिग्नलला लागणारा वेळ दिसत नाही, आणि जुळवायचा असतो तो वेळ. ही जुळवणी कशी करायची, ते पुढे क्रमाने लिहितो. नव्याने टेस्ट बेंचवर बसणाऱ्यांना हे सगळं सहसा कुणी एका जागी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तरच.

किती स्क्यू चालेल, ते आधी ठरवा

पी आणि एन यांच्या पोहोचण्याच्या वेळेतल्या फरकाला स्क्यू म्हणतात. रिसीव्हर दोन्हींची वजाबाकी घेतो. दोन्ही नेमके एकाच क्षणी पोहोचले तर पूर्ण सिग्नल मिळतो. मागेपुढे पोहोचले तर डिफरन्शियल भागातली काही ऊर्जा कॉमन मोडमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंना सारख्याच असलेल्या भागात, जाते. किती जाते, याचं गणित सोपं आहे. वारंवारता आणि स्क्यू यांचा गुणाकार करून त्याला पायने गुणा. येणाऱ्या कोनाची (रेडियनमध्ये) कोसाइन म्हणजे उरलेला डिफरन्शियल भाग आणि साइन म्हणजे कॉमन मोडमध्ये गेलेला भाग.

३२ गिगाट्रान्सफरच्या सिग्नलची नायक्विस्ट वारंवारता (बिटच्या वेगाच्या निम्मी) १६ गिगाहर्ट्झ. तिथे १ पिकोसेकंद स्क्यू असेल तर कॉमन मोड उणे २६ डेसिबलवर येतो. २ पिकोसेकंदाला उणे २०, ५ ला उणे १२ आणि १० ला जवळपास उणे ६. यातली गंमत पाहा. ५ पिकोसेकंदाला डिफरन्शियल सिग्नल फक्त ०.२८ डेसिबलने घटतो, आय डायग्रामकडे पाहून काही बिघडलंय असं वाटतही नाही. पण कॉमन मोड मात्र सिग्नलच्या पावपट झालेला असतो. मोड कन्व्हर्जन (ऊर्जेचं असं कॉमन मोडमध्ये जाणं) किंवा कॉमन मोड नॉइज मोजायला बसला असाल, तर तुम्ही बोर्ड मोजत नाही आहात, स्वतःची केबल मोजत आहात.

स्क्यू वाढत गेला तर एका वारंवारतेला डिफरन्शियल सिग्नल पूर्ण शून्य होतो. स्क्यूची दुप्पट करून तिने १ ला भागलं की ती वारंवारता मिळते. २५ पिकोसेकंदाला ती २० गिगाहर्ट्झ येते.

माझा स्वतःचा नियम असा: केबलचा स्क्यू एका बिटच्या कालावधीच्या तीन टक्क्यांच्या आत हवा. ३२ गिगाट्रान्सफरला बिट ३१.२५ पिकोसेकंदांचा, म्हणजे १ पिकोसेकंदाहून कमी. १० गिगाबिटला बिट १०० पिकोसेकंदांचा, तिथे ३ चालतात. १.२५ गिगाबिटला बिट ८०० पिकोसेकंदांचा. तिथे एकाच खोक्यातल्या दोन चांगल्या केबल घ्या आणि कामाला लागा, पुढचा बराचसा खटाटोप करायची गरज नाही. आणि मोड कन्व्हर्जन हाच चाचणीचा विषय असेल तर तीन टक्के विसरा. जेवढं जमेल तेवढं कमी करा, आणि किती उरलं ते लिहून ठेवा.

केबल निवडणं

टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई भरलेल्या साध्या कोॲक्समध्ये सिग्नल प्रकाशाच्या साधारण ६९ टक्के वेगाने धावतो. एक मिलिमीटर कापायला त्याला सुमारे ४.८ पिकोसेकंद लागतात. भरीव पॉलिथिलिनमध्ये हाच आकडा ५ च्या आसपास असतो, आणि हवेचे बारीक कप्पे असलेल्या हलक्या टेफ्लॉनमध्ये ४.२ ते ४.४. आता दोन गोष्टी लक्षात येतील. एक पिकोसेकंद म्हणजे जेमतेम ०.२ मिलिमीटर, मोजपट्टीने हे जुळवता येत नाही. आणि लांबी तंतोतंत सारखी असूनही एका मीटरच्या दोन केबल्सच्या वेगात एक टक्का फरक असेल, तर ४८ पिकोसेकंदांचा स्क्यू पडतो. वेगातला हा फरक डायइलेक्ट्रिकच्या, म्हणजे आतल्या इन्सुलेटरच्या, घनतेतून येतो आणि घनता रिळागणिक थोडी बदलते.

म्हणून दोन्ही केबल एकाच उत्पादकाच्या, एकाच पार्ट नंबरच्या आणि शक्यतो एकाच रिळातून कापलेल्या हव्यात. दोन्ही टोकांचे कनेक्टर एकाच प्रकारचे हवेत. जुळवलेली जोडी म्हणून विकत मिळते ती घ्यायची ऐपत असेल तर तीच घ्या. अशा जोड्या १-२ पिकोसेकंदांच्या हमीने मिळतात. मागवताना एक गोष्ट स्पष्ट लिहा: फेज मॅच एकमेकींशी हवा की ठरलेल्या विद्युत लांबीशी, आणि कोणत्या वारंवारतेपर्यंत. एकमेकींशी जुळलेल्या दोन जोड्या एकत्र मिसळल्या तर चारही केबल आपसात जुळतीलच असं नाही.

केबल शक्य तेवढी आखूड घ्या. लॉस (वाटेत होणारी सिग्नलची घट) कमी होतो, तापमानाचा परिणाम कमी होतो आणि वाकवण्याची गरजही कमी पडते. फिक्श्चर कायमचं असेल तर सेमी-रिजिड केबल मला सगळ्यात विश्वासाची वाटते. एकदा आकार दिला की ती तिथेच राहते.

लॉसही जुळायला हवा, हे बहुतेक जण विसरतात. जोडीच्या एका पायात (पी किंवा एनच्या बाजूला) अर्धा डेसिबल जास्त लॉस असेल तर स्क्यू शून्य असूनही कॉमन मोड उणे ३१ डेसिबलवर येतो. एक डेसिबलचा फरक असेल तर उणे २५, म्हणजे १६ गिगाहर्ट्झला एक पिकोसेकंद स्क्यू असल्यासारखंच.

आणि अडॅप्टर. एका बाजूला कनेक्टर जुळत नाही म्हणून पंधरा मिलिमीटरचा अडॅप्टर लावला की त्या बाजूला ५० ते ७० पिकोसेकंद वाढले. लावायचाच असेल तर दोन्ही बाजूंना, एकाच पार्ट नंबरचा लावा.

कनेक्टर

एसएमए साधारण १८ गिगाहर्ट्झपर्यंत, ३.५ मिलिमीटरचा २६.५ पर्यंत, २.९२ मिलिमीटरचा ४० पर्यंत, २.४ मिलिमीटरचा ५० पर्यंत आणि १.८५ मिलिमीटरचा ६७ पर्यंत. पहिले तीन एकमेकांत बसतात. शेवटचे दोन एकमेकांत बसतात, पण पहिल्या तिघांत बसत नाहीत. ३२ गिगाट्रान्सफरसाठी २.९२ च्या खाली उतरू नका, कारण एजमधला तपशील १६ गिगाहर्ट्झच्या बराच वर जातो. स्वस्त एसएमए २.९२ च्या फीमेल कनेक्टरमध्ये बसतो म्हणून तो लावायचा असं नाही. त्याची पिन जाड किंवा पुढे आलेली असेल तर आतली नाजूक बोटं फाकतात आणि ती पुन्हा मिटत नाहीत.

एसएमए, ३.५ आणि २.९२ या कनेक्टरचे आटे दर इंचाला ३६ असतात, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात नट ०.७ मिलिमीटर सरकतो. एवढी फट हवेत राहिली तर सुमारे २.३ पिकोसेकंद वाढतात. अर्धा फेरा सैल राहिला तरी १ पिकोसेकंदाहून अधिक. तुमचं सगळं बजेट इथेच संपलं, आणि वर तिथला इम्पिडन्स बिघडून रिफ्लेक्शन येतं, म्हणजे सिग्नलचा काही भाग मागे फिरतो, ते वेगळंच. हाताने "घट्ट" केलेले चार कनेक्टर चार वेगवेगळ्या ताणाचे असतात, हे मी रोज पाहतो.

म्हणून टॉर्क रेंच. स्टेनलेस स्टीलच्या एसएमए, ३.५, २.९२, २.४ आणि १.८५ साठी ०.९ न्यूटन-मीटर, पितळी एसएमएसाठी सुमारे ०.५६. आधी पिन सरळ रेषेत आणून हलक्या हाताने बसवा. मग केबलचं अंग एका हाताने किंवा दुसऱ्या पान्याने स्थिर धरा आणि फक्त नट फिरवा. अंग फिरलं की मधली पिन घासते आणि कनेक्टरचं आयुष्य तिथून घटायला लागतं. रेंच दांड्याच्या टोकाला धरायचा आणि तो सांध्यात झुकतो त्या क्षणी थांबायचं. दुसऱ्यांदा "खात्रीसाठी" दाबायचं नाही.

जोडण्याआधी भिंगातून पाहा. पिन वाकलेली आहे का, आटा झिजून धातूचा कण पडलाय का, मधल्या भागावर धूळ आहे का. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, तंतू न सुटणाऱ्या स्वॅबने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात वाळायला जास्त वेळ लागतो, घाई करू नका.

एसी किती अंशांवर आहे?

टेफ्लॉनच्या रेणूंची रचना १९ अंश सेल्सिअसच्या आसपास बदलते. त्याबरोबर घनता बदलते, डायइलेक्ट्रिक बदलतो आणि केबलच्या डिलेच्या (सिग्नलला लागणाऱ्या वेळेच्या) आलेखाला तिथे एक वळण येतं. त्या टापूत एका अंशाने जेवढा फरक पडतो, तेवढा इतरत्र कित्येक अंशांनीही पडत नाही. आपल्याकडच्या लॅबमध्ये यंत्रं तापू नयेत म्हणून एसी १८ वर ठेवायची सवय असते, म्हणजे नेमका सगळ्यात वाईट आकडा. त्यात एक केबल एसीच्या झोतात आणि दुसरी यंत्राच्या मागच्या पंख्याच्या गरम हवेत असेल, तर जुळवलेली जोडीही त्या टेबलावर जुळलेली राहत नाही.

एसी २४-२५ अंशांवर ठेवा. झोत टेबलावर येऊ देऊ नका. यंत्रं सुरू करून किमान अर्धा तास, जमलं तर तास, जाऊ द्या. दुसऱ्या खोलीतून आणलेल्या केबलही तेवढा वेळ टेबलावर पडू द्या. सकाळी आल्याआल्या मोजून टाकू, असं करू नका.

व्हीएनएने मोजणं

व्हेक्टर नेटवर्क ॲनालायझर (व्हीएनए, केबलमधून सिग्नल किती आणि किती उशिराने जातो ते प्रत्येक वारंवारतेला मोजणारं यंत्र) असेल तर हाच राजमार्ग.

दोन पोर्ट निवडा आणि पूर्ण टू-पोर्ट कॅलिब्रेशन करा. सुरुवात १० मेगाहर्ट्झपासून, १० मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी २० गिगाहर्ट्झपर्यंत गेलात तर नेमके २,००० बिंदू होतात. यंत्र त्याहून वर जात असेल तर तुमच्या कनेक्टरच्या मर्यादेपर्यंत जा. पायरी मोठी ठेवू नका. एका मीटरच्या केबलचा डिले ४.८ नॅनोसेकंद, म्हणजे दोन बिंदूंमधलं अंतर १०० मेगाहर्ट्झच्या वर गेलं की फेज कितव्या फेऱ्यात आहे हे यंत्राला कळत नाही आणि उलगडलेली फेज चुकते. आयएफ बँडविड्थ (यंत्राच्या आतल्या फिल्टरची रुंदी) १ किलोहर्ट्झ किंवा त्याहून कमी ठेवा. वेळ लागेल, लागू द्या.

आता पहिली केबल, हिला क म्हणू, लावा. ट्रान्समिशनचा ट्रेस मेमरीत साठवा. क काढा, त्याच दोन पोर्टांवर, त्याच आकारात वळवून ख लावा. ट्रेस भागिले मेमरी दाखवा. दोन्ही केबल अगदी सारख्या असतील तर मॅग्निट्यूड शून्य डेसिबलवर आणि फेज शून्य अंशावर सपाट दिसेल. डिलेचा फरक असेल तर फेज एका तिरप्या सरळ रेषेत उतरेल किंवा चढेल. एका पिकोसेकंदाला १ गिगाहर्ट्झवर ०.३६ अंश, म्हणजे २० गिगाहर्ट्झवर ७.२ अंश. रेषेचा उतार काढा, तोच स्क्यू. एका बिंदूवरची फेज वाचून उत्तर काढू नका, सगळ्या पट्ट्यावर रेषा बसवा.

रेषेवर लाटा दिसल्या तर थांबा. लाट म्हणजे कुठेतरी रिफ्लेक्शन आहे, बहुधा कनेक्टरमध्ये. अशा केबलचा डिले वारंवारतेगणिक बदलतो आणि ती कुणाशीही धड जुळणार नाही. आधी कनेक्टर काढून, पुसून, पुन्हा टॉर्क करून पाहा. लाट गेली नाही तर ती केबल या कामासाठी बाद.

मग तीच केबल काढून पुन्हा लावा आणि मोजा, असं पाच वेळा. पाच उत्तरांमधला पसारा म्हणजे तुमच्या हाताची आणि कनेक्टरची पुनरावृत्ती. तो पसारा ०.५ पिकोसेकंद असेल आणि तुम्ही "स्क्यू ०.२ पिकोसेकंद" असं लिहीत असाल, तर त्या आकड्याला अर्थ नाही. मी अहवालात पसारा नेहमी आकड्याच्या शेजारीच लिहितो.

चार पोर्टांचं यंत्र असलं तरी क पहिल्या जोडीवर आणि ख दुसऱ्या जोडीवर असं करू नका. प्रत्येक पोर्टची कॅलिब्रेशननंतर उरलेली चूक वेगळी असते, ती तुमच्या स्क्यूमध्ये मिसळते.

व्हीएनए नसेल तर

टीडीआर (केबलमध्ये एज पाठवून परत आलेली एज दाखवणारं यंत्र) असेल तर केबल एका चॅनेलला लावून दुसरं टोक उघडं ठेवा आणि परत येणाऱ्या एजच्या मध्यावरची वेळ वाचा. त्याच चॅनेलवर दुसरी केबल लावा आणि पुन्हा वाचा. सिग्नल जाऊन परत येतो, म्हणून आलेला फरक निम्मा करा. हे निम्मं करायचं विसरलेले अहवाल मी पाहिले आहेत.

टीडीआरही नसेल, पण स्कोप आणि पॅटर्न जनरेटर असेल तर बदली पद्धत वापरा. जनरेटरचं एकच आउटपुट, स्कोपचं एकच चॅनेल, ट्रिगर जनरेटरच्या क्लॉक आउटपुटवरून. क लावून एज कुठे येते ते पाहा, मग ख लावून पाहा. स्रोत तोच, चॅनेल तोच, ट्रिगर तोच, म्हणजे जो फरक दिसला तो फक्त केबलचा. न वापरलेल्या पूरक आउटपुटला ५० ओहमचं टर्मिनेशन लावा, उघडं सोडू नका.

अदलाबदल पद्धत

ही पद्धत मी प्रत्येक सेटअपवर करतो, व्हीएनएने मोजलेल्या जोडीवरसुद्धा. कारण खऱ्या सेटअपमध्ये केबलशिवाय आणखी दोन स्क्यू असतात: स्रोताचा स्वतःचा आणि स्कोपच्या दोन चॅनेलमधला. तिन्हींची बेरीज पडद्यावर दिसते आणि ती फोडल्याशिवाय कुणाला दोष द्यायचा ते कळत नाही.

नियम एकच: नेहमी पीची वेळ उणे एनची वेळ. चिन्ह चुकलं की सगळं उलटतं.

पहिलं मोजमाप: क पीवर, ख एनवर, पी पहिल्या चॅनेलला, एन दुसऱ्याला. आमच्या त्या बोर्डवर अधिक ८.४ पिकोसेकंद आले. दुसरं मोजमाप: दोन्ही केबल दोन्ही टोकांनी बदलल्या, आता ख पीवर आणि क एनवर, पण पी अजूनही पहिल्याच चॅनेलला. उणे ५.२ आले. स्रोत आणि स्कोप तसेच राहिले, फक्त केबलच्या स्क्यूचं चिन्ह उलटलं. म्हणून दोन्हींची वजाबाकी १३.६, तिचा निम्मा भाग ६.८ पिकोसेकंद, हा केबलचा स्क्यू. टेफ्लॉनमध्ये ६.८ पिकोसेकंद म्हणजे १.४ मिलिमीटर. बिटच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त.

तिसरं मोजमाप: केबल पहिल्यासारख्या, क पीवर आणि ख एनवर, फक्त स्कोपकडची टोकं बदलली. पी आता दुसऱ्या चॅनेलला. ७.४ आले. पहिल्यात आणि यात बदललं ते स्कोपच्या स्क्यूचं चिन्ह. ८.४ उणे ७.४ म्हणजे १, त्याचा निम्मा ०.५, हा स्कोपचा. उरला ८.४ उणे ६.८ उणे ०.५, म्हणजे १.१ पिकोसेकंद. हा खरा बोर्डाचा. तीन दिवस ज्याला दोष दिला त्याचा वाटा सगळ्या गोंधळात एवढाच होता, आणि तो त्याच्या स्पेसिफिकेशनच्या आत होता.

इथे दोन बारकावे. पी चढतो तेव्हा एन उतरतो, म्हणून चढत्या पीची तुलना उतरत्या एनशी करायची. पण चढती आणि उतरती एज तंतोतंत सारख्या आकाराच्या नसतात, आणि मध्याची पातळी जराशी सरकली तरी खोटा स्क्यू दिसतो. म्हणून चढता पी-उतरता एन आणि उतरता पी-चढता एन, दोन्ही मोजा आणि सरासरी घ्या. सरकलेल्या पातळीची चूक दोन्हींत विरुद्ध दिशेने येते आणि सरासरीत जाते. दुसरं, पॅटर्न संथ ठेवा, आठ एक आणि आठ शून्य असा. एकाआड एक बिटच्या पॅटर्नमध्ये एका एजला शेजारची एज समजण्याची चूक सहज होते.

उरलेला स्क्यू काढणं

जनरेटरकडून बोर्डाच्या रिसीव्हरकडे सिग्नल जात असेल, तर स्कोपवरचं डीस्क्यू किंवा नंतरचं गणित काही कामाचं नाही. रिसीव्हरला जे मिळायचं ते मिळून गेलेलं असतं. तिथे केबल प्रत्यक्षच जुळायला हव्यात, किंवा जनरेटरमध्ये दोन आउटपुटमधला डिले बदलायची सोय असेल तर ती वापरा. बोर्डाकडून स्कोपकडे सिग्नल येत असेल तर मात्र चॅनेल डीस्क्यू चालतो. पण डीस्क्यू फक्त वेळ सरकवतो. लॉसमधला फरक आणि रिफ्लेक्शन तो घालवत नाही. त्यासाठी दोन्ही केबलच्या एस-पॅरामीटर फाइल (व्हीएनएची मोजमापं) घेऊन डी-एम्बेडिंग, म्हणजे गणिताने केबलचा परिणाम काढून टाकणं, करावं लागतं.

फेज ॲडजस्टर हा तिसरा पर्याय. आटे फिरवून विद्युत लांबी कमीजास्त करणारा छोटा तुकडा असतो तो. एकाच पायात लावू नका, दोन्हीत लावा. म्हणजे त्याचा लॉस आणि मूळ डिले दोन्हीकडे सारखा राहतो. मग एकच फिरवा, स्क्यू शून्यावर आला की लॉकनट कसा, आणि कसल्यानंतर पुन्हा मोजा. कसताना तो हमखास थोडा सरकतो.

मांडणी आणि नोंद

जुळवणी केलेल्या अवस्थेतच केबल वापरा. वाकवल्यावर फेज बदलते, आणि एक सरळ व दुसरी घट्ट वळलेली असेल तर जुळवणीला अर्थ उरत नाही. दोन्ही शेजारी शेजारी, सारख्याच वळणाने टेबलावर न्या. तीनचार ठिकाणी कागदी टेपने हलकं चिकटवा, आवळू नका. उत्पादकाने दिलेल्या किमान वळण-त्रिज्येच्या जवळही जाऊ नका.

सेटअप तयार झाल्यावर स्कोपवर स्क्यूचा आकडा चालू ठेवून एकेक केबल बोटाने अलगद हलवा. आकडा नाचला तर त्या दिवशीच्या कुठल्याही निकालावर विसंबू नका. कनेक्टर तरी सैल आहे, नाहीतर केबलच्या आतलं शिल्डिंग थकलंय.

वारकऱ्यांच्या टाळांची जोडी दोरीने एकमेकांना बांधलेली असते, एक टाळ कुणी वेगळा उचलून नेत नाही. केबलच्या जोडीलाही तसंच ठेवा. दोन्हींना एकाच क्रमांकाचं लेबल, क आणि ख अशी खूण, आणि ठेवताना दोन्ही एकाच पिशवीत. मोठ्या वळणात गुंडाळा. टोकांना टोप्या लावा.

लेबलाच्या क्रमांकाशेजारी वहीत लिहा: मोजल्याची तारीख, खोलीचं तापमान, डिलेचा फरक, लॉसचा फरक, किती वेळा जोडून मोजलं आणि पसारा किती आला. आमच्याकडे दर महिन्याला आणि केबल खाली पडली की लगेच पुन्हा मोजतो. आकडा हळूहळू एका दिशेने सरकताना दिसला तर ती केबल जायच्या मार्गावर आहे हे आधीच कळतं.

जोडीतली एक केबल गेली तर उरलेलीला नव्या केबलशी न मोजता जोडू नका, पार्ट नंबर तोच असला तरी. त्या दिवशीच्या आमच्या दोन केबलपैकी जुनी अजून चांगली आहे. तिच्या दोन्ही टोकांना पिवळी टेप गुंडाळली आहे आणि ती क्लॉक मोजायच्या एकेरी कामांच्या खणात असते.